पिन का जळते?

शेजारच्या वहिनी परवा जळका प्लग घेऊन आल्या. पाणी तापवायच्या रॉडचा. एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लॅस्टिक वितळलेलं. ‘‘तिसऱ्यांदा झालं बघा. कंपनीच भंगार!’’ रॉड बिचारा धडधाकट होता. दुखणं प्लग आणि सॉकेटचं होतं.

मैत्रिणींनो, किराण्याचा हिशेब आपण तोंडी करतो. मग विजेचा का नको? वायरमन आला की आपण चहा टाकायला आत जातो, तिथंच चुकतं. प्रत्येक वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. घरात वीज येते साधारण २३० व्होल्टची. वॅटला व्होल्टने भागलं की वायरमधून किती प्रवाह जाणार ते कळतं, अँपिअरमध्ये. वहिनींचा रॉड १५०० वॅटचा. भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. मोठ्या पिनेचा प्लग काढून त्यांनी छोटा बसवून घेतला होता आणि तो खोचला ६ अँपिअरच्या जुन्या, सैल सॉकेटमध्ये.

आता दुसरा भागाकार. जर्मनीतल्या गेओर्ग ओम या शिक्षकाने १८२७ साली मांडलेला. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा. रॉडचा रोध येतो ३५ ओम. तिथे उष्णता हवीच, पाणी तापवायचंय. पण पिन सैल बसली की तिथेही अडथळा तयार होतो. तो फक्त १ ओम धरा. उष्णता काढायची तर अँपिअरला अँपिअरने गुणायचं आणि मग ओमने. साडेसहा गुणिले साडेसहा, म्हणजे चाळीसेक वॅट! रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं सोल्डरिंगचं यंत्र साधारण २५ ते ३५ वॅटचं असतं आणि ते कथील वितळवतं. तेवढी आच आपल्या प्लगच्या पिनेपाशी, तीही रोज वीस मिनिटं.

‘‘पण एमसीबी पडला नाही की,’’ वहिनी म्हणाल्या. तो पडणारच नाही. प्रवाह जास्त झाला तर तो पडतो. सैल पिनेत प्रवाह वाढत नाही, नुसती जागा तापते. म्हणून प्लगला हात लावून बघायचा, स्विच बंद केल्यावर. गरम लागला, जळका वास आला, तर ती जागा वापरायची नाही. रॉड, गिझर, इंडक्शन यांना १६ अँपिअरचंच सॉकेट हवं आणि तिथपर्यंत येणारी वायरही जाड हवी. नुसतं सॉकेट मोठं केलं आणि आत बारीक वायर राहिली, तर आग भिंतीत लागेल. एक्स्टेन्शन बोर्डावर रॉड आणि इस्त्री एकदम लावणं तर नकोच. १५०० आणि १००० मिळून जवळपास ११ अँपिअर होतात.

व्होल्टेज डाऊन असलं की बिल जास्त येतं, असंही वहिनींचं म्हणणं. रॉडपुरतं ते खरं नाही. १८० व्होल्ट आले, तर १८० भागिले ३५, म्हणजे पाचच अँपिअर. गुणिले १८०, की ९०० वॅट. बादली अठरा मिनिटांऐवजी अर्ध्या तासाने तापेल, युनिट जवळपास तेवढेच पडतील. फ्रिज आणि पंपाचं मात्र उलट. दाब कमी झाला की त्यांची मोटर जास्त प्रवाह ओढते आणि आतलं वाइंडिंग तापतं. अशा वेळी पंप बंद ठेवा आणि फ्रिजला स्टॅबिलायझर लावा.