पाळी कमी झाली म्हणून गोळ्या सोडू नका

चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांत आठवड्याला शिफ्ट बदलते. झोप, जेवण सगळं पुढेमागे होतं आणि रात्री झोपताना घ्यायची गर्भनिरोधक गोळी नाइटच्या आठवड्यात हमखास चुकते. त्यातच चार दिवसांची पाळी दीड दिवसावर आली, की मनात दोन शंका येतात : दिवस तर गेले नाहीत? आणि रक्त आत साठत तर नाही?

दुसरी शंका आधी निकालात काढू. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ संप्रेरकांच्या, ७ नुसत्या लोहाच्या. संप्रेरकांमुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की संप्रेरकं थांबतात आणि ते अस्तर गळतं. अस्तरच थोडं, म्हणून रक्तही थोडं. साठायला आत काही नसतं. पहिले तीनेक महिने मधेच डाग दिसणंही नेहमीचंच. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनवर तर वर्षभरात जवळपास निम्म्या जणींची पाळी थांबते. इंजेक्शन बंद केल्यावर ती परत येते, मात्र काही महिने जातात.

पहिल्या शंकेचं उत्तर पाकिटातच आहे. किती गोळ्या चुकल्या ते मोजा. एक चुकली असेल तर आठवताच घ्या. त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या, तर लगेच एक घेऊन पुढे रोज चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. तिसऱ्या आठवड्यात असं झालं, तर लोहाच्या गोळ्या वगळून थेट नवं पाकीट सुरू करा. तिन्ही शिफ्टमध्ये जागं असाल अशी वेळ ठरवा, समजा संध्याकाळचे सहा, आणि पाकीट डब्याच्या पिशवीतच ठेवा.

गोळ्या चुकल्या आणि रक्तस्राव आलाच नाही, किंवा न चुकताही लागोपाठ दोन पाकिटं कोरडी गेली, तर आशाताईंकडच्या ‘निश्चय’ किटनं लघवीची चाचणी करा. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, त्यानं गोळीचा असर कमी होतो. छातीत दुखणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक तीव्र डोकेदुखी यांपैकी काही झालं तर मात्र थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

नुसती पाळी कमी झाली म्हणून पाकीट अर्ध्यावर टाकू नका. दिवस जाण्याचा खरा धोका तिथूनच सुरू होतो.