मेल परत येते, कॅलेंडरचं काय?

नेकारसुल्म आपल्याकडच्या मंडळींना माहीत असतं ते आउडीच्या कारखान्यामुळे. पण लिडल आणि काउफलांड या दोन्ही दुकानांची मुख्यालयं इथेच आहेत, आणि त्यांचा मालक असलेल्या श्वार्त्स समूहाचा स्टॅकिट नावाचा स्वतःचा क्लाउडही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये या समूहाने जाहीर केलं की आपले कर्मचारी यापुढे गूगल वर्कस्पेस वापरतील. मात्र मजकूर कुलूपबंद करण्याच्या किल्ल्या समूहाच्याच ताब्यात राहतील आणि डेटाची एक प्रत स्टॅकिटवर ठेवली जाईल.

आता तुम्ही म्हणाल, मेल आणि कॅलेंडर गूगल सांभाळतंय, मग आणखी प्रत कशाला? तुमची दहा-वीस माणसांची कंपनी असेल तर हा प्रश्न तुमचाही आहे.

गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट तुमच्या डेटाच्या अनेक प्रती ठेवतात हे खरंच आहे. त्या कामी येतात त्यांच्या बाजूला काही बिघडलं तर. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे काही जीमेल खाती रिकामी दिसू लागली, तेव्हा गूगलने मेल परत आणल्या त्या चक्क चुंबकीय टेपवरून! चूक तुमच्या बाजूची असेल तर मात्र या प्रतींचा उपयोग नाही. तुम्ही मेल डिलीट केलीत की तो हुकूम इमानदारीने सगळ्या प्रतींपर्यंत पोचतो. याला सिंक म्हणतात, बॅकअप नव्हे.

मग हातात उरते ती मुदत. जीमेलच्या कचरापेटीत मेल ३० दिवस राहते, त्यानंतर ॲडमिनला आणखी २५ दिवस ती परत आणता येते. मायक्रोसॉफ्टमध्ये कचरापेटीतूनही काढलेली मेल मूळ सेटिंगनुसार १४ दिवस मिळते, फार तर ३० पर्यंत वाढवता येते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लायसन्स काढलंत की त्याची मेलबॉक्स साधारण ३० दिवसांनी जाते. त्याने ग्राहकाला काय कबूल केलं होतं हा प्रश्न सहसा एकतिसाव्या दिवसानंतरच निघतो.

जर्मनीत तर हा कायद्याचाही मामला आहे. व्यापारी पत्रव्यवहार ६ वर्षं जपावा लागतो. बिलं पूर्वी १० वर्षं ठेवावी लागत, २०२५ पासून ८. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून इथल्या व्यवसायांना एकमेकांकडून ई-बिलं स्वीकारता आली पाहिजेत, आणि त्यासाठी साधा ईमेल पत्ता चालतो. म्हणजे तुमचा इनबॉक्स आता कर खात्याचं दप्तर झाला आहे. (बॅकअप घेतला म्हणजे हे कर्तव्य संपलं असं नाही. बदल न करता येणारा संग्रह वेगळा लागतो. विक्रेते हा फरक मुद्दाम पुसट करतात असं माझं मत.)

प्रत कुठे ठेवायची याचे धडे महागात शिकून झाले आहेत. १० मार्च २०२१ ला ऱ्हाइनकाठच्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच जागी होते, तेही गेले. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची क्लाउडवरची यंत्रणा डिलीट झाली, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली असूनही. ती उभी करताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रतींचा मोठा आधार झाला. प्रत दुसऱ्या इमारतीत हवी, आणि जमलं तर दुसऱ्या मालकाकडे.

या कसोटीवर काही सेवा तपासू. मायक्रोसॉफ्टचाच ३६५ बॅकअप २०२४ मध्ये आला. सुरुवातीचा दर गीगाबाइटला महिन्याला ०.१५ डॉलर, म्हणजे वीस जणांचा प्रत्येकी १० जीबी डेटा धरला तर ३० डॉलर. परत आणण्याचं काम तो झपाट्याने करतो, पण मालक तोच. ड्रुव्हा ही २००८ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झालेली कंपनी. तिचं मुख्यालय आता कॅलिफोर्नियात आहे आणि प्रती ॲमेझॉनच्या क्लाउडवर असतात. म्हणजे मालक बदलला, पण कायदा अमेरिकेचा राहिला, आणि २०१८ च्या क्लाउड ॲक्टनुसार अमेरिकी कंपनीकडून परदेशात ठेवलेला डेटाही मागवता येतो. डेन्मार्कची कीपिट स्वतःचा क्लाउड वापरते. हानोव्हरची हॉर्नेटसिक्युरिटी बरेच जण 'जर्मन' म्हणून निवडत, पण २०२५ मध्ये तिला विकत घेण्याचा करार प्रूफपॉइंट या अमेरिकी कंपनीने जाहीर केला. तेव्हा देशाचा शिक्का बघताना कराराची मुदतही बघा.

पण जागा, दर, देश यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न कोणत्याच तुलनातक्त्यात नसतो: परत आणलेलं कॅलेंडर चालतं का?

मेल ही पाठवलेल्या पत्रासारखी असते. एकदा गेली की बदलत नाही, त्यामुळे तिची प्रत काढणं सोपं. कॅलेंडरमधली नोंद जिवंत असते. दर मंगळवारची बैठक म्हणजे वर्षाला ५२ नोंदी नसतात. असते एकच नोंद आणि एक नियम: 'दर मंगळवारी सकाळी १०, बर्लिनची वेळ'. सोबत अपवादांची यादी, म्हणजे दिवाळीतला मंगळवार रद्द, पुढचा बुधवारी. आणि एक ओळखक्रमांक, ज्यावरून सगळ्यांच्या कॅलेंडरना कळतं की ही तीच बैठक आहे.

आता समजा ही बैठक पुण्याच्या टीमबरोबर आहे. उन्हाळ्यात इथले १० म्हणजे तिथले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. एखाद्या सेवेने प्रत घेताना 'बर्लिन' हा शब्द टाकून फक्त जागतिक वेळ, म्हणजे ८ वाजता, एवढंच ठेवलं, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर बैठक इथे ९ वाजता दिसेल. अपवाद हरवले तर दिवाळीची रद्द बैठक पुन्हा उगवते. ओळखक्रमांक नवा पडला तर जुनी आणि नवी अशा दोन बैठका दिसतात, आणि कधी कधी सगळ्या ग्राहकांना नव्याने आमंत्रणं जातात! त्यानंतर सकाळभर माफीच्या मेल लिहायच्या.

कुलूपबंद मजकुराची आणखी एक गंमत. गूगलच्या या पद्धतीत बैठकीचं वर्णन आणि जोडलेल्या फाइल्स कुलपात जातात, पण शीर्षक, वेळ आणि निमंत्रितांची नावं उघडी राहतात. बॅकअपमध्येही तसंच. तेव्हा 'अमुकला काढून टाकण्याबाबत' असं शीर्षक देऊ नका. आणि किल्लीची प्रत वेगळी जपा, कारण ती हरवली तर बॅकअपमध्ये कुलपं तेवढी उरतील.

म्हणून कोणत्याही सेवेची चाचणी मुदत घेतलीत तर मेल परत आणून खूश होऊ नका. एक खोटं खातं उघडा. त्यात ऑक्टोबर ओलांडणारी साप्ताहिक बैठक टाका, एक तारीख रद्द करा, एक हलवा, घरच्या दोघांना आमंत्रण द्या. मग खातं डिलीट करा आणि परत आणा. नोव्हेंबरमधली वेळ बघा, आणि घरच्यांना विचारा की दुसऱ्यांदा आमंत्रण आलं का.