कोल्ह्यामागची घोडदौड

घोड्यावर स्वार होऊन, शिकारी कुत्र्यांच्या मागोमाग रान तुडवत केलेली खोकडाची शिकार हा मूळचा इंग्लंडचा खेळ. भारतात आल्यावर त्याचे सावज बदलले आणि खोकडाच्या जागी कोल्हा आला. मराठीत या खेळाला सरसकट ‘कोल्ह्याची शिकार’ म्हणतात. इंग्लंडपुरते हे नाव चुकीचे असले, तरी पुणे, मुंबई आणि उटीला ते तंतोतंत लागू पडते.

हे दोन प्राणी नाशिक जिल्ह्याला परके नाहीत. येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूरच्या माळरानावर दोघांचाही वावर आहे. खोकड जेमतेम अडीच-तीन किलोचे, मोठ्या कानांचे, झुपकेदार शेपटीचे टोक काळे. पाठलाग सुरू झाला की ते धावता धावता झटकन वळते आणि बिळात शिरते. कोल्हा त्याच्या तिप्पट वजनाचा, लांब पल्ल्याचा धावक. मैलोन्‌मैल दौड हवी असलेल्या स्वारांनी कोल्हा निवडला, तो यामुळेच.

या खेळाला आजचे रूप दिले ते अठराव्या शतकात इंग्लंडमधील क्वॉर्न शिकारमंडळाच्या ह्यूगो मेनेल यांनी. त्यांनी वेगवान आणि तीक्ष्ण नाकाचे हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रे, पैदा केले. तोवर सावकाश चालणारा माग आता घोड्यांच्या भरधाव दौडीचा खेळ झाला. मंडळाचा प्रमुख म्हणजे मास्टर. कुत्र्यांना शिंग फुंकून आणि हाका घालून चालवतो तो हंट्समन. कुत्रे मोजायचे ते जोडीने. अंगातला कोट लालभडक, पण त्याला म्हणायचे ‘पिंक’. मात्र खेळाचा सारा प्राण गंधात आहे. हाउंड डोळ्यांनी नव्हे, नाकाने माग काढतो. जमीन ओलसर आणि हवा थंड असेल तोवर वास जमिनीलगत टिकतो, ऊन चढले की विरतो. म्हणून दख्खनमध्ये स्वार पहाटेच्या अंधारात निघत, दव वाळण्याआधी दौड संपवत. विलायतेहून आणलेल्या कुत्र्यांना इथला उन्हाळा सोसत नसे.

पुण्याजवळ पूना अँड किरकी हाउंड्स, मुंबईत जॅकल क्लब, पेशावरला पेशावर व्हेल हंट अशी मंडळे ब्रिटिशांनी चालवली. निलगिरीतील उटीच्या गवताळ टेकड्या मात्र सर्वांत सोयीच्या ठरल्या, कारण तिथली थंडी आणि ओल थेट इंग्लंडसारखी.

महाराष्ट्राला घोड्यावरची शिकार नवी नव्हती. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (1874–1922) घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्यात तरबेज होते आणि पाळलेले चित्ते काळविटावर सोडण्याची प्रथाही त्यांच्या संस्थानात होती. काटक, सडपातळ कारवानी कुत्रा तर दख्खनच्या भटक्या लोकांचा जुना सोबती. तो नाकापेक्षा नजरेवर आणि वेगावर शिकार करतो. मुधोळच्या घोरपडे राजांनी हीच जात जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले.

या खेळाची ओढ समजण्याजोगी आहे. पुढचे वळण कोणालाच ठाऊक नसते, बांध आणि ओढे घोड्याच्या भरवशावर ओलांडायचे असतात, आणि स्वार, घोडा व कुत्रे यांची लय जुळली तरच दौड रंगते. पण शेवटी दमलेल्या जनावराचे कुत्र्यांनी लचके तोडायचे, ही त्यातली क्रूरता कोणत्याही परंपरेने झाकत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज अशा शिकारीला जागा उरलेली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने कुत्र्यांकरवी होणाऱ्या शिकारीवर बंदी आणली. ती 18 फेब्रुवारी 2005 पासून लागू झाली.

त्यानंतर तिथे आधीच टाकून ठेवलेल्या वासाच्या मागावर कुत्रे सोडायचे आणि त्यांच्यामागे घोडे घालायचे, हा प्रकार पुढे आला. त्यात दौड तीच राहते, फक्त सावज नसते. नाशिकमध्ये घोडेस्वारीची आवड वेगळ्या वाटेने टिकली आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी 1937 मध्ये सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये मुले आजही रिकिबीत पाय ठेवायला शिकतात, आणि येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात घोड्याचे दात पाहून वय ठरवणारे जाणकार अजून भेटतात.