भोक पडलेले कार्ड : तिकीटसंग्राहकांच्या मंडळात काय चालते?

टपाल तिकिटे जमवणे हा शाळकरी वयातला नाद, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. मोठेपणीही जे तो सोडत नाहीत, ते एक तर हौशी पैसेवाले किंवा दुर्मीळ तिकिटावर डोळा ठेवून बसलेले व्यापारी, असेही मानले जाते. गेली पंचवीसएक वर्षे मी आमच्या जिल्ह्याच्या गावातील संग्राहक मंडळाच्या मासिक बैठकींना जातो आहे. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला मिळालेले नाही. जुना कागद वाचायचा कसा, हे मी या बैठकींतच शिकलो. तिथे नेमके काय चालते आणि ते का टिकायला हवे, एवढेच इथे मांडायचे आहे.

अशा मंडळांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सिंध प्रांतात ‘सिंद डाक’ तिकिटे १८५२ साली निघाली. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठेही जाऊ लागले. त्यानंतर अर्धशतक उलटण्याआधीच, १८९७ साली, ‘फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया’ कलकत्त्यात स्थापन झाली. गावोगावची मंडळे ही त्याच वाटेवरची. त्यांना स्वतःची इमारत नसते, पगारी माणूस नसतो. आमचे मंडळ वाचनालयाच्या माडीवर भरते. महिन्यातला एक रविवार, दहा-बारा माणसे, दोन लांब टेबले.

बैठकीचे तीन भाग असतात. पहिला देवघेवीचा. ज्याच्याकडे एखाद्या तिकिटाच्या दोन प्रती, तो एक काढतो. तिकीट बोटाने उचलायचे नाही, चिमट्यानेच उचलायचे, हा पहिला धडा. घामाचा डाग पुढे पिवळा पडतो. दुसरा भाग छोट्या लिलावाचा. चिटणीस वस्तू दाखवतात, बोली दहा-वीस रुपयांनी चढते आणि विक्रीतला थोडा वाटा मंडळाच्या खात्यात जातो. या दोन भागांविषयी फार सांगण्यासारखे नाही. बाहेरच्या माणसाला मंडळ म्हणजे एवढेच दिसते.

खरे काम तिसऱ्या भागात होते. आम्ही त्याला ‘पाकीट वाचणे’ म्हणतो. एकाने एक वापरलेले पाकीट टेबलावर ठेवायचे आणि गप्प बसायचे. बाकीच्यांनी भिंग घेऊन सांगायचे : तिकीट केव्हाचे, त्या दिवशीचा दर तेवढाच होता का, शिक्का कोणत्या कचेरीचा, मागच्या बाजूला पोहोचल्याचा शिक्का कोणत्या तारखेचा, वाटेत रेल्वे मेल सर्व्हिसने हात लावला आहे का, तिकीट कमी पडून पत्र नॉटपेड झाले का. आतले पत्र नसले तरी चालते. पाकीट स्वतःच बोलते.

उदाहरणादाखल स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट घ्या. साडेतीन आण्यांच्या या तिकिटावर तिरंगा आहे, ‘जयहिंद’ आहे आणि ‘१५ ऑगस्ट १९४७’ ही तारीखही इंग्रजीत छापलेली आहे. पण ते विक्रीला आले २१ नोव्हेंबर १९४७ रोजी. तेव्हा या तिकिटावर १५ ऑगस्टचा शिक्का दिसला, तर शिक्का खोटा. त्या दिवशीच्या खऱ्या पाकिटावर सहाव्या जॉर्जचाच चेहरा असतो. राजाच्या तोंडावर स्वतंत्र देशाच्या पहिल्या दिवसाचा शिक्का. सत्तांतर म्हणजे काय, हे मला त्या एका पाकिटाने जितके नेमके दाखवले तितके पाठ्यपुस्तकाने दाखवले नव्हते.

दुसरे उदाहरण १९७१ चे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारने १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसवला. कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरे छापली गेली. ही तिकिटे सगळीकडे वेळेवर पोहोचली नाहीत, म्हणून काही ठिकाणी साध्या रबरी शिक्क्याने काम भागवले गेले. मार्च १९७३ अखेर हा आकार बंद झाला. युद्धाचा इतिहास सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. पण आपल्या घरी मुलीच्या खुशालीचे पत्र लिहिणाऱ्या माणसानेही त्यात पाच पैसे घातले होते, ही नोंद पाकिटावर राहिली.

पत्त्यावरूनही काळ कळतो. सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे नाटककार-कवी. शिक्का पुसट असला तरी पत्त्यात पिनकोड असेल, तर पाकीट त्या तारखेनंतरचे, एवढे निश्चित होते.

इथे संग्राहकांतला जुना वाद येतो. तिकीट पाण्यात भिजवून सुटे करावे की पाकिटासकट ठेवावे? माझे उत्तर स्पष्ट आहे. सुटे तिकीट हे चित्र आहे. पाकिटावरचे तिकीट हा दस्तऐवज आहे. प्रदर्शनांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही १०० पैकी ३५ गुण ज्ञान, अभ्यास व संशोधनाला असतात आणि मांडणीला फक्त ५.

बाजाराचा हिशेब मात्र निराळा. पूर्वी आपल्या घरांत आलेली पत्रे तारेला टोचून ठेवत. त्यामुळे कार्डाच्या मध्यावर भोक पडे. बाजारात अशा कार्डाची किंमत उतरते. मला ते भोक मोलाचे वाटते, कारण हे कार्ड कुणीतरी जपायच्या हेतूने ठेवले होते, याचा तो पुरावा आहे. याउलट मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड वाचून लगेच फाडून टाकत. घरात ठेवत नसत. म्हणून कोपऱ्याला हळदकुंकू लावलेली लग्नाची पत्रे संग्रहांत भेटतात, दुखवट्याची क्वचित. आपल्यापर्यंत आलेला पत्रांचा ठेवा आधीच निवडलेला आहे. त्यावरून गतकाळ फार आनंदी होता असे अनुमान काढणाऱ्याने ही रीत ध्यानात ठेवावी.

आता हे वाचणारी माणसेच कमी होत आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. घरगुती पत्र तर त्याआधीच थांबले. आमच्या बैठकीत पन्नाशीचा मी तरुणांत मोडतो. सदस्य गेला की त्याचे अल्बम मुलांच्या हाती येतात. मुले परदेशी किंवा शहरात, आणि कपाट रिकामे करायची घाई. व्यापारी चकचकीत तिकिटे उचलतो, उरलेली पाकिटे रद्दीच्या भावाने जातात. तिकिटे तरीही कुठेतरी टिकतात. पाकीट कोणत्या वाड्यातून आले, कुणी कुणाला पाठवले, ही माहिती मात्र त्या दिवशी संपते.

म्हणून आमच्या मंडळाने दोन साध्या गोष्टी सुरू केल्या आहेत. प्रत्येकाने अल्बमच्या पानावर, वस्तूवर नव्हे, पेन्सिलीने लिहायचे : हे कुठून मिळाले, केव्हा, आणि त्यातून काय वाचता आले. आणि सदस्याच्या माघारी दोघांनी त्या घरी जाऊन याद्या करून द्यायच्या, किंमत प्रामाणिकपणे सांगायची, खरेदी स्वतः करायची नाही. याला खर्च येत नाही, फक्त रविवार लागतात.

वाचकांच्या घरीही दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची एखादी पत्र्याची पेटी निघाली असेल. त्यातली तिकिटे कापून घेऊ नका, पाकिटाची मागची बाजू आधी पाहा. आणि कार्डाला मधोमध भोक असेल, तर ते कुणाच्या घरच्या तारेला होते, हे सांगू शकणारे माणूस घरात आहे तोवर त्याला विचारून घ्या.