कढईतलं आणि कढईबाहेरचं

मागच्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातल्या कुंभारापाशी थांबलो होतो. मडकं व्हायला माती लागते, चाक लागतं, दांडा लागतो, कुंभार लागतो. पण माती ज्या गाढवावरून आली ते गाढव? तेही मडक्याच्या आधी हजर होतं. आणि कुंभाराचा बाप? तोही होताच. नैयायिक म्हणतात, ही मडक्याची कारणं नव्हेत, ती अन्यथासिद्ध. नुसतं आधी असणं वेगळं आणि कारण असणं वेगळं.

त्यावर एका बाईंनी विचारलं होतं, ‘सर, याचा स्वयंपाकघरात काय उपयोग?’ त्यांनी बहुधा चेष्टेनं विचारलं असेल. मी मात्र मनावर घेतलं. तर आज डुकराचं मटण आणि भाज्या, एकाच कढईत, चार माणसांचं रात्रीचं जेवण. वही काढा.

आमच्या सातारा-सांगलीकडे मटण म्हणजे बकऱ्याचं, हे गृहीतच असतं. डुकराचं नाव काढलं की आवाज खाली येतो. खाणारे मात्र पिढ्यान् पिढ्या आहेत. वडार, कैकाडी, गावकुसाबाहेरच्या कितीतरी वस्त्या. सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि घराघरांत पोहोचली. गावकुसाबाहेरच्या ताटाची अशी नोंद व्हायला शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’पर्यंत, म्हणजे २०१५पर्यंत थांबावं लागलं, आणि तीही मराठवाड्याची. आमच्याकडची नोंद अजून लोकांच्या हातातच आहे. मीही जे शिकलो ते एका वडार घरातल्या मुलाकडून. मुलगा म्हणतो खरा, आता तो पन्नाशीच्या घरात आहे.

पाऊण किलो मटण घ्या, खांद्याचं, चरबीचा पट्टा असलेलं. घेताना नीट बघा. मांसात साबुदाण्याएवढे पांढरट, पाण्यानं भरलेले फोड दिसले तर घेऊ नका. का, ते पुढे सांगतो. तीन बटाटे, दोन गाजरं, पाव किलो श्रावण घेवडा, तीन कांदे. महाबळेश्वरकडची गाजरं मिळाली तर उत्तम. बोटभर आलं, ते आमच्या साताऱ्याला भरपूर पिकतं. लसणाचा एक गड्डा. हळद सांगलीची, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याआधीही ती पिवळीच होती. (हशा) आणि घरचा कांदा-लसूण मसाला दोन मोठे चमचे.

भाज्या आधी धुऊन चिरून बाजूला ठेवा आणि मगच पाटावर मांस घ्या. उलट केलंत तर कच्च्या मांसाचं पाणी भाजीला लागतं. मांस चिरून झालं की पाट, सुरी आणि हात साबणानं धुवा.

आता कढई. लोखंडी किंवा बिडाची, जाड बुडाची. तेल घालायचं नाही. गार कढईत चरबीचे तुकडे मांडायचे आणि खाली मंद आच लावायची. दहा-बारा मिनिटांत चरबी पाझरते, पाणी उडून जातं आणि तुकडे स्वतःच्याच तुपात तळायला लागतात. कढई आधी तापवलीत तर बाहेरून करपतं आणि चरबी आतच राहते. मग उरलेलं मांस घाला, पण दोन हप्त्यांत. गर्दी केली की मांस पाणी सोडतं आणि परतायच्या ऐवजी उकडतं. तपकिरी रंग आला की काढून घ्या. दोन-तीन चमच्यांपेक्षा जास्त चरबी सुटली असेल तर वाटीत काढा. राहिलेल्या चरबीत कांदा, आलं-लसूण, हळद. मसाला घालताना आच अगदी कमी करा, कारण त्यातली मिरची क्षणात जळते आणि मग सगळ्या घराला खोकला. मांस परत कढईत टाका. दोन भांडी गरम पाणी. वर ताट झाका आणि ताटात पाणी ठेवा, आपल्या आया ठेवायच्या तसं. मंद आचेवर पाऊण तास.

या पाऊण तासात मी तुम्हाला माझी एक चूक सांगतो.

१९९४ साल. माझा भाचा सांगलीत बारावीला होता. बहिणीचं घर माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. एक दिवस पोराला वर्गात आकडी आली. मिरजेला नेलं, मेंदूचा स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गाठ आहे, पण घाबरू नका, कॅन्सर नाही. डुकरातल्या जंताची अळी आहे. न्यूरोसिस्टिसर्कोसिस. आम्ही पुढचं काही ऐकलंच नाही. ‘डुक्कर’ हा एकच शब्द ऐकला. भाच्याचा जिवलग मित्र वडारवस्तीवरचा. झालं, कारण सापडलं! पोरगा रडून सांगत होता, ‘मामा, मी त्याच्याकडं भाकरी-चटणीशिवाय कधी काही खाल्लं नाही.’ मी तेव्हा कॉलेजात पोरांना कार्यकारणभाव शिकवत होतो. तो मी वस्तीवर गेलो आणि त्या मुलाच्या वडिलांना सांगितलं, ‘तुमच्या मुलाला आमच्याकडे पाठवू नका.’ त्याच्या आईनं चहा पुढे केला होता. मी तो घेतला नाही.

आता जंताचं समजून घ्या. याचं नाव टिनिया सोलियम, म्हणजे पट्टकृमी, टेपवर्म. त्याचे दोन आजार होतात आणि दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. डुकराच्या मांसात अळीचे फोड असतील, मघाशी म्हटलं ते साबुदाणे, आणि ते मांस कच्चं राहिलं, तर खाणाऱ्याच्या आतड्यात लांबलचक कृमी वाढतो. हा पहिला आजार. बऱ्याचदा त्या माणसाला पत्ताही नसतो. पण त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती उघड्यावर पडली आणि डुकरानं खाल्ली, तर डुकराच्या मांसात फोड होतात. तीच अंडी नीट न धुतलेल्या हातानं, दूषित पाण्यानं किंवा त्या पाण्यावरच्या कच्च्या भाजीतून दुसऱ्या माणसाच्या पोटात गेली, तर त्यांतून निघणाऱ्या अळ्या रक्तातून मेंदूपर्यंत जातात. हा दुसरा आजार, आकडीचा. म्हणजे मेंदूतली गाठ मटणाच्या ताटातून येत नाही. ती माणसाच्या विष्ठेतून येते, आणि माळ घातलेल्या माणसाच्या तोंडातही तितक्याच सहज जाते.

डुक्कर या साखळीत आहे, नाही असं नाही. पहिली वाट जर्मनीतल्या क्युखेनमाइस्टर या डॉक्टरनं १८५५ साली सिद्ध केली. कशी? फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला अळ्या घातलेलं अन्न त्याच्या नकळत खायला घालून, आणि नंतर त्याचं आतडं तपासून. कारण सापडलं, पण ते शोधण्याची रीत बघा! त्या कैद्यावर मी एक स्वतंत्र व्याख्यान देणार आहे.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथल्या सनातनी ज्यू वस्तीत, जिथे डुकराला कोणी शिवत नाही, तिथे हाच मेंदूचा आजार निघाला. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यावर लेख आला. संशय होता तो घरकामाला असलेल्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायकांच्या पोटातल्या कृमीवर. हे सांगितलं की आपल्याकडे लगेच कामवाल्या बाईकडे बोट जाईल, म्हणून सांगतो. ज्याच्या पोटात कृमी आहे तो आधी स्वतः रोगी आहे. कृमी घरातल्या कुणाच्याही पोटात असू शकतो. शौचाच्या तपासणीत तो कळू शकतो, औषधानं जातो.

हे सगळं मला डॉक्टरांनी पुन्हा भेटल्यावर कागदावर चित्र काढून समजावलं, तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. भाच्याच्या पोटात अंडं कुठून गेलं, ते कधीच कळलं नाही. सांगलीत तो रोज गाड्यावरची काकडी खायचा, एवढं मात्र खरं. काही वर्षं गोळ्या घेतल्या, त्या सुटल्या, आज तो धडधाकट आहे. मित्राकडे मात्र तो माझ्या भीतीनं बरीच वर्षं गेला नाही.

झाकण काढा. मांसाला सुरी टोचून बघा, सहज आत गेली पाहिजे. मांसातले चिवट धागे मऊ व्हायला वेळ लागतो आणि भाजीला तेवढा लागत नाही, म्हणून एका कढईत असलं तरी सगळं एकदम घालायचं नसतं. आता बटाटा आणि गाजर, पंधरा मिनिटं. मग घेवडा, दहा मिनिटं. आमसूल शेवटी, कारण आंबट आधी पडलं की बटाटा दडदडीत राहतो.

मटण पुरेसं शिजलं का, हा प्रश्न इथे उरत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ पासून डुकराच्या अख्ख्या तुकड्याला आतून ६३ अंश सेल्सिअस आणि वर तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी मानली आहे, खिम्याला ७१ अंश. आपले लहान तुकडे तासाहून जास्त वेळ रटरटत्या रश्श्यात आहेत. त्यांच्यासारखं आतून गुलाबी मांस खायचा नाद मात्र आपण करू नये.

पण आता तुम्ही काय करता? वरून कच्ची कोथिंबीर भुरभुरता. शेजारी कांदा, मुळा, काकडीची कोशिंबीर ठेवता. म्हणजे ताटात सगळ्यात बेभरवशाचं असतं ते हेच, जे कढईत गेलंच नाही. काकडी-मुळा सोलून घ्या. कोथिंबीर काडी-काडी सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवा, नाहीतर आच बंद करायच्या आधी कढईतच टाका. लिंबू पिळलं, मीठ लावलं म्हणजे अंडी मरतात असं समजू नका. आणि वाढणाऱ्यानं, खाणाऱ्यानं हात साबणानं धुवायचे.

मागच्या हिवाळ्यात मी ही कढई पहिल्यांदा एकट्यानं केली. ज्वारीच्या भाकरी शेजारच्या वहिनींनी दिल्या. भाचा आला आणि त्याला घेऊन तो मित्रही आला. मी त्याला जे बोलायचं ते आधीच, वस्तीवर जाऊन, त्याच्या आईसमोर बोललो होतो. वडील तोवर गेले होते. त्या दिवशी मी चहा दोनदा मागून घेतला. जेवताना त्यानं पहिला घास घेतला, थोडा वेळ चावला आणि म्हणाला, ‘सर, मीठ कमी पडलंय.’

पडलं होतं. मी एक चमचा घातलं होतं, तुम्ही दीड घाला.