तड्यातली लाख

चंद्रपूरचा साग म्हटला की सरळसोट ओंडकेच आठवतात. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथल्या सागाची खेप वाजतगाजत निघाली, ती बल्लारपूरहून. आमच्या राजुऱ्याहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की आलेच बल्लारपूर. दाराखिडक्यांसाठी ओंडका चिरल्यावर मात्र आखूड ठोकळे, फांद्यांच्या बेचक्या, गाठींचे तुकडे आणि टोकाशी फाटलेले बुंधे मागे उरतात. असे लाकूड बहुधा चुलीत जाते. त्यातून लेथवर सुंदर वाडगे कातता येतात, फक्त तड्याचे काय करायचे ते ठाऊक हवे.

लाकडाला तडा जातो तो पाण्यामुळे. ओल साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरली की लाकूड आक्रसू लागते, पण सगळीकडून सारखे नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जेवढे आक्रसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याकडून सालीकडे. ही ओढाताण सहन झाली नाही की गाभ्यापासून बाहेर चीर पडते. साग त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी गाभा आत ठेवून कातलेला वाडगा सहसा फाटतोच. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. म्हणजे भरलेला तडाही वर्षभर थोडा उघडतो, थोडा मिटतो. त्यात काय भरायचे, हे इथल्या हवेकडे बघूनच ठरवावे लागते.

यावरची एक जुनी तोड राजुऱ्याच्या जुन्या जिल्ह्यातच सापडते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत राजुरा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिथून तो नांदेडकडे आला आणि १९५९ साली चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात. तेव्हाच्या त्याच आदिलाबाद जिल्ह्यातले निर्मल हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर हलक्या पोणकी लाकडाचे भाग जोडताना चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा वापरतात, खाचाखोचाही त्यानेच बुजवतात आणि वरून रंग देतात. खेळण्याला ते शोभते. पण रंग न देता लाकडाची नक्षी दाखवायच्या वाडग्याला हा लगदा निस्तेज वाटतो. शिवाय पाणी लागले की तो मऊ पडतो.

वाडग्यासाठी माझी पसंती लाखेला आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याची ही राळ, आणि ही तिन्ही झाडे आपल्या जंगलातली. सावंतवाडीची आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची कातीव खेळणी चमकतात ती लाखेमुळेच. गेरू, हळद किंवा काजळी मिसळून लाखेची रंगीत कांडी करतात. बारीक चीर असेल तर फिरत्या वाडग्यावर कांडी दाबून धरायची. घर्षणाने लाख वितळते आणि चिरेत उतरते. रुंद तड्याला एवढे पुरत नाही. आधी सुरीच्या टोकाने आतला सैल भुसा आणि धूळ काढायची, आरपार गेलेल्या चिरेला बाहेरून चिकटपट्टी लावायची, मग लाखेचे बारीक तुकडे ठासून तापल्या सळईने वितळवायचे. निवताना लाख खाली बसते, म्हणून दुसऱ्यांदा भरायची आणि पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवायची. पूर्ण थंड झाल्यावर धारदार पटाशीने हलक्या हाताने वरचा भाग कातून काढायचा. घाई केली की लाख ओढली जाऊन लाकडावर डाग पडतो. पितळेचा कीस मिसळला तर सागाच्या तपकिरी अंगावर सोन्याची नदी वाहिल्यासारखी रेघ उमटते.

हल्ली अनेक जण दगडाची रंगीत भुकटी भरून त्यावर पातळ झटपट गोंद सोडतात, किंवा इपॉक्सी ओततात. काम पटकन होते आणि पक्के दिसते. लाख त्या मानाने ठिसूळ, हे खरे. पण कडक भराव सुटला तर तो कोरून काढावा लागतो, लाख पुन्हा तापवली की पुन्हा बसते. आपल्या हवेत ही सोय मला मोठी वाटते. एक पथ्य मात्र आहे. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून अशा वाडग्यात गरम वरण वाढायचे नाही. सुकामेवा, चारोळी, फळे खुशाल ठेवावीत.

तडा लपवू नये, ही दृष्टी जगात इतरत्रही आहे. फुटलेली भांडी जपानी कारागीर झाडाच्या चिकाने जोडतात आणि सांध्यावर सोने चढवतात. १९३० च्या दशकात पुदुच्चेरीत ‘गोलकोंड’ या इमारतीवर काम केलेले जॉर्ज नाकाशिमा पुढे अमेरिकेत फळीच्या तड्यावर फुलपाखराच्या आकाराची पाचर मुद्दाम दिसेल अशी बसवत. उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीत शिसवात पितळी तार ठोकून बसवतात. तिथे तडा नसतो, पण लाकूड आणि धातूचा मेळ कसा घालायचा हे शिकावे ते त्यांच्याकडूनच.

चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आणि बांबूच्या कामाला प्रतिष्ठा आली. कातकामालाही तशी जागा मिळाली पाहिजे. वन विभागाने आखूड आणि तडकलेले लाकूड छोट्या लॉटमध्ये कारागिरांना परवडेल अशा दराने द्यावे, आणि लाख गोळा करणाऱ्या गावांतल्या मुलामुलींना लेथवर उभे करावे. साग इथला, लाखही इथली. वाडगाही राजुऱ्यातच तयार व्हावा.