लावलं, टुंग वाजलं, पण चालेना! प्रिंटर, स्कॅनर, टोकन कॉम्प्युटरला का दिसत नाही?



दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. फराळाच्या ऑर्डरी चालू, डबे भरून तयार, आणि लेबल प्रिंटर लॅपटॉपला दिसेना. "सर, प्रिंटर मेला. नवीन मागवू का? उद्या सकाळपर्यंत येतोय म्हणे." मी म्हटलं, ताई, दहा मिनिटं थांबा, आधी मी विचारतो त्याची उत्तरं द्या. पाचव्या मिनिटाला कळलं की प्रिंटरची मूळ केबल घरात कुठेतरी गेली होती आणि ताईंनी ट्रिमरची केबल लावली होती. टोक तेच, जाडी तीच, प्रिंटरचा दिवाही लागत होता. पण त्या केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा होत्या. मोबाइलची डेटा केबल लावली आणि लेबलं सुरू.

नवीन प्रिंटरचे पैसे वाचले हे झालंच. पण दुसऱ्या दिवशी नवीन प्रिंटर आला असता, त्यालाही तीच केबल लावली असती आणि तोही 'मेला' असता. म्हणून आज हा विषय जरा नीट घेऊ. व्हिडिओत मी स्क्रीनवर करून दाखवलंय, इथे कारणं सांगतो. कारण कळलं की पुढच्या वेळी तुम्हाला मला फोन करावा लागणार नाही. (केलात तरी चालेल.)

आधी एवढंच ठरवा: दिसतच नाही, की दिसतंय पण चालत नाही?

बहुतेक जण इथेच चुकतात. 'चालत नाही' म्हटलं की लगेच ड्रायव्हर शोधायला धावतात. ड्रायव्हरचा नंबर खूप नंतर लागतो.

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. तुम्ही उपकरण लावलं की डेटाच्या एका तारेवर व्होल्टेज चढतं, त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की कुणीतरी दारात आलंय. मग तो विचारतो, तू कोण? उपकरण आपल्या कंपनीचा क्रमांक आणि मॉडेलचा क्रमांक सांगतं. त्या क्रमांकांवरून विंडोज ड्रायव्हर शोधतं. ड्रायव्हर मिळाला की मगच तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर त्या उपकरणाशी बोलू शकतं.

म्हणजे दिवा लागला याचा अर्थ फक्त विजेच्या दोन तारा ठीक आहेत. डेटाबद्दल दिवा काहीच सांगत नाही.

आता तपासायचं कुठे? विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ती खिडकी समोर ठेवून केबल काढा आणि परत लावा. यादी हलली, क्षणभर मिटून परत उघडली, तर कॉम्प्युटरला काहीतरी जाणवलं. यादी अजिबात हलली नाही आणि टुंग आवाजही आला नाही, तर दारापर्यंत कुणी पोहोचलंच नाही. अशा वेळी ड्रायव्हर टाकून काडीचा उपयोग नाही.

काहीच हललं नाही तर

केबल बदला. अशी केबल लावा, जिच्यावरून तुम्ही मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर घेतले आहेत, म्हणजे तिच्यात डेटाच्या तारा आहेत हे नक्की. तरीही नाही, तर पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर पुढच्या बाजूचे पोर्ट सोडून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आत एका वेगळ्या वायरने जोडलेले असतात आणि ती वायर ढिली असणं अगदी नेहमीचं. शिवाय दुकानात पीठ, मसाला, कापडाची धूळ उडत असेल तर पोर्टमध्ये टॉर्च मारून एकदा बघाच.

मग हब. लॅपटॉपला दोनच पोर्ट म्हणून आपण स्वस्तातला चार तोंडांचा हब घेतो आणि त्यावर स्कॅनर, फिंगरप्रिंट मशीन, पेनड्राइव्ह, माउस सगळं लावतो. यूएसबी २.० चा पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० चा ९००. हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर तेवढ्याच विजेत सगळ्यांनी भागवायचं. मग एखादं उपकरण मध्येच येतं, जातं, परत टुंग वाजतं. हा 'व्हायरस' नाही, उपासमार आहे! जे उपकरण अडतंय ते थेट लॅपटॉपला लावून बघा. चाललं तर अडॅप्टरवाला हब घ्या. काउंटर लांब आहे म्हणून केबलला केबल जोडत गेलात तरी असंच होतं. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच धरलेली आहे.

आणि रिस्टार्ट करा. शट डाउन नाही, रिस्टार्ट. या दोन्हींत फरक आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलून पुढे चालू करतं. म्हणजे कालचा घोळ आजही तसाच! रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. "सर, मी रोज रात्री बंद करते की" असं सांगणाऱ्यांचा प्रश्न एका रिस्टार्टने सुटलेला मी बऱ्याचदा पाहिलाय.

पिवळा त्रिकोण आला तर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसतंय पण त्यावर पिवळा त्रिकोण आहे, तर घाबरू नका. त्यावर डबल क्लिक करा, आत एक कोड लिहिलेला असतो. तो कोड म्हणजे अर्धं उत्तर.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. सगळ्यांत सोपा. उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून ड्रायव्हर घ्या आणि टाका. कोड २२ म्हणजे कुणीतरी ते उपकरण तिथेच बंद करून ठेवलंय, राइट क्लिक करून एनेबल करा. कोड १० म्हणजे ओळख झाली पण उपकरण सुरू होईना. इथे ड्रायव्हर काढून नव्याने टाकून बघायचं.

सगळ्यांत जास्त भेटतो तो कोड ४३. यात बऱ्याचदा उपकरणाच्या नावाऐवजी नुसतं 'अननोन यूएसबी डिव्हाइस' दिसतं आणि पुढे 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं लिहिलेलं असतं. मराठीत सांगायचं तर कॉम्प्युटरने 'तू कोण' विचारलं आणि पलीकडून नीट उत्तर आलं नाही. नावच कळलं नाही तर ड्रायव्हर कुणाचा शोधणार? म्हणून इथेही परत केबल, पोर्ट, हब हेच आधी. त्यानंतर त्या नावावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल डिव्हाइस, केबल काढा, रिस्टार्ट, परत लावा. तरीही तेच आलं तर उपकरण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही कोड ४३ आला तर मात्र बिघाड उपकरणातच आहे.

दहा-पंधरा मिनिटं वापर नसला की उपकरण झोपतं आणि उठत नाही, असं होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच यूएसबी रूट हब शोधा, त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी दिलेली असते, ती टिक काढा.

किराणा किंवा मिठाईच्या दुकानवाल्यांसाठी एक खास गोष्ट. वजनकाटा सीरियल केबलचा असेल तर मध्ये यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. त्यात बहुतेक वेळा सीएच३४० किंवा प्रोलिफिकची चिप असते. प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर जुन्या किंवा नकली चिपला मुद्दाम नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये तसं लिहूनही दाखवतो. तेव्हा काट्याला दोष देऊ नका, कन्व्हर्टर बदला.

दिसतंय, त्रिकोण नाही, तरी चालत नाही

इथून पुढे यूएसबीचा प्रश्न संपला असं समजा. आता गडबड सॉफ्टवेअरच्या बाजूला आहे.

बिलाचा प्रिंटर कालपर्यंत चालत होता, आज ऑफलाइन दाखवतोय? झाडलोट करताना कुणी केबल काढून दुसऱ्या पोर्टला लावली का विचारा. पोर्ट बदलला की विंडोज कधी कधी त्याच प्रिंटरची दुसरी नोंद करतं, नावापुढे 'कॉपी १' लावून. बिलिंग सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नावावर बिल पाठवत बसतं. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स म्हणून भाग आहे, तिथे यूएसबी ००१ऐवजी यूएसबी ००२ निवडून बघा, किंवा सरळ केबल जुन्या जागी लावा. मी तर प्रत्येक पोर्टजवळ मार्करने लिहून ठेवायला सांगतो.

बारकोड स्कॅनर तपासायला सगळ्यांत सोपा. बहुतेक स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणूनच ओळख सांगतात. नोटपॅड उघडा, साबणाच्या वडीवरचा बारकोड मारा. आकडे उमटले तर स्कॅनर ठणठणीत आहे, बिलिंगमध्ये कर्सर योग्य चौकटीत नाही एवढंच. अक्षरं असलेला कोड मारला आणि देवनागरीत काहीतरी भलतंच उमटलं, तर खाली कोपऱ्यात भाषा मराठी राहिली आहे, ती इंग्लिश करा. व्हॉट्सॲपवर मराठीत मेसेज टाइप करून आपण भाषा बदलायला विसरतो आणि शिव्या स्कॅनरला!

डिजिटल सहीचं टोकन असेल तर टोकनसोबतचं त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर उघडा. त्यात तुमचं सर्टिफिकेट दिसलं तर टोकन आणि पोर्ट ठीक आहेत. मग जीएसटीच्या साइटवर सही होत नसेल तर एमसायनर चालू आहे का ते बघा, टोकन काढ-घाल करत बसू नका. आणि प्रोप्रायटर असाल, २० तारखेची संध्याकाळ असेल, तर मोबाइलवर ओटीपी घेऊन ईव्हीसीने रिटर्न भरा आणि मोकळे व्हा. कंपनी आणि एलएलपीला मात्र डिजिटल सहीच लागते, म्हणून त्यांनी टोकन दोन दिवस आधी लावून बघावं. आधार फिंगरप्रिंट मशीनचंही असंच: यादीत दिसतंय पण बोट घेत नाही, तर त्याची आरडी सर्व्हिस बंद पडलेली असू शकते.

ब्लूटूथचे नखरे

ब्लूटूथमध्ये केबल नाही, त्यामुळे दोष दिसत नाही. पण विचार तोच, आवाज दारापर्यंत पोहोचतोय का?

आधी बघा, प्रिंटर कुणाच्या मोबाइलला आधीच चिकटलाय का. हातातले छोटे प्रिंटर बहुतेक एका वेळी एकालाच हात देतात. मुलाच्या किंवा कामगाराच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, प्रिंटर बंद-चालू करा, मग लॅपटॉपवर शोधा. विंडोज ११ मध्ये तरीही नाव येत नसेल तर ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस डिस्कव्हरी डिफॉल्टवर असते, ती ॲडव्हान्स्ड करा. डिफॉल्टमध्ये नेहमीचीच उपकरणं दाखवतात. पिन मागितला तर चार शून्य किंवा १२३४ टाकून बघा.

जोडल्यावर 'कनेक्टेड' न दिसता नुसतं 'पेअर्ड' दिसतं म्हणून बरेच जण परत परत काढून जोडतात. बिलाच्या प्रिंटरला ते चालतं, तो प्रिंट पाठवल्यावरच जोडला जातो. पण प्रिंटरला कुठला कॉम पोर्ट मिळालाय ते बघावं लागतं. मोर ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये कॉम पोर्ट्स उघडा, आउटगोइंग लिहिलंय त्याचा नंबर घ्या आणि प्रिंटरच्या पोर्ट्समध्ये तोच निवडा.

लॅपटॉपवरून ब्लूटूथचं बटणच गायब झालं असेल तर एअरप्लेन मोड बघा, मग शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा म्हणजे ते पूर्ण बंद होईल. चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा आणि चालू करा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ हे वायफायच्याच कार्डावर असतं आणि आतून यूएसबीनेच जोडलेलं असतं, त्यामुळे तेही वरच्यासारखंच अडकतं.

डेस्कटॉपला ब्लूटूथचा डोंगल लावलाय आणि शेजारच्या पोर्टला यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क आहे? मग डोंगल लांब न्या. यूएसबी ३.० चं काम चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो आणि ब्लूटूथ नेमकं तिथेच बोलतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता. एक छोटी एक्स्टेन्शन केबल पुरते.

पैसे कुठे जातात

'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका. आणि गूगलवर 'प्रिंटर कस्टमर केअर' शोधून पहिला नंबर फिरवू नका. पलीकडचा माणूस स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगतो, मग 'दहा रुपये रजिस्ट्रेशन' भरा म्हणतो, आणि तुमचं बँकेचं सगळं त्याला दिसत असतं. कंपनीचा नंबर बिलावरून किंवा खोक्यावरून घ्या. चुकून पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, उद्यावर ढकलू नका.

नवीन प्रिंटर घेणार असाल तर विक्रेत्याला एक प्रश्न विचारा, विंडोजचा ड्रायव्हर मिळतो का? काही छोटे लेबल प्रिंटर फक्त मोबाइलच्या ॲपसाठीच बनवलेले असतात, ते लॅपटॉपवर कितीही आपटलं तरी येणार नाहीत. उपकरण आलं की त्याच दिवशी खोक्यातल्या केबलने दोन वेगवेगळ्या कॉम्प्युटरना लावून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत. ताईंनी आता मूळ केबल शोधून काढलीय, प्रिंटरला रबरबँडने बांधून ठेवलीय आणि ट्रिमरच्या केबलला लाल चिकटपट्टी लावलीय.